दोन पडद्यांमधली वाट

१९८२ साली चरणजीत सिंग यांनी मुंबईत एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. सिंग हे हिंदी सिनेसंगीतातले वादक. बेस गिटारपासून ट्रान्झिकॉर्डपर्यंत अनेक वाद्ये हाताळणारे. तबकडीचे नाव होते ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, आणि ते वाजवायला रोलँड कंपनीची तीन यंत्रे: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही बेसची पेटी. तबकडी फारशी खपली नाही. पुढे ती एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती लागली. २०१० मध्ये त्याच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलने ती पुन्हा काढली आणि जुन्या सिंथेसायझरांच्या शौकिनांत खळबळ उडाली. कारण हीच ३०३ पेटी वापरून शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढले होते, आणि अ‍ॅसिड हाउस या संगीतप्रकाराची सुरुवात तिथून धरली जाते. सिंग यांची तबकडी त्याच्या पाच वर्षे आधीची. मुंबईतल्या एका वादकाने नकळत अ‍ॅसिड हाउसचा शोध लावला, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते आहे.

ही गोष्ट प्रेमापोटी सांगितली जाते यात शंका नाही. या प्रेमामुळेच सिंग यांना उतारवयात युरोपातल्या मंचांवर वाजवायला मिळाले. २०१५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. तरीही या गोष्टीत काहीतरी खटकते. अनुवादक म्हणून मला ती फार ओळखीची वाटते. एखादे मराठी पुस्तक परभाषेत गेले की तिथला परीक्षक त्याला आपल्याकडच्या कुठल्या तरी पुस्तकाचा ‘पूर्वज’ ठरवतो, आणि तो गौरव समजला जातो. मूळ पुस्तक स्वतःच्या भाषेत काय करत होते, कोणाशी भांडत होते, कुठे फसले होते, हे कोणी विचारत नाही. सिंग यांच्या बाबतीत हेच झाले आहे. त्यांनी शिकागोच्या आधी काय केले हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी भैरवाचे काय केले, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला.

तो प्रश्न घेऊन तबकडी ऐकली तर तिच्यात दोन वेगळ्या भाषा ऐकू येतात. राग सुरू होताना ज्युपिटरवर छोटासा आलाप येतो. तिथे सिंग यांचा हात मोकळा आहे. सूर वाकतो, लांबतो, शेजारच्या सुराकडे घसरत जातो. मग ८०८ चा ठेका लागतो आणि खालून ३०३ ची साखळी सुरू होते. या पेटीत सोळा घरे असतात. प्रत्येक घरात एक सूर भरायचा, त्यावर जोर द्यायचा की नाही ते ठरवायचे, आणि पुढच्या सुराकडे घसरत जायचे की नाही तेही ठरवायचे. या घसरण्याला पेटीवर ‘स्लाइड’ म्हणतात. शौकीन ज्या ओल्या, चिकट आवाजावर फिदा आहेत त्यातला मोठा वाटा या स्लाइडचा आहे. पण मूळ ३०३ मध्ये स्लाइडला लागणारा वेळ ठरलेला आहे. सूर जवळचा असो की लांबचा, लय संथ असो की द्रुत, घसरण तेवढ्याच वेळात उरकते.

आता भैरवाचा कोमल ऋषभ आठवा. तो षड्जाच्या वर एका जागी उभा नसतो. त्याला आंदोलन असते, आणि ते किती सावकाश घ्यायचे हे गाणाऱ्याच्या श्वासावर आणि त्या क्षणीच्या मनावर अवलंबून असते. साखळीतला ऋषभ मात्र पायरीसारखा येतो आणि जातो. म्हणून माझ्या कानाला या तबकडीत भूपाली आणि कलावती चांगले उतरले आहेत, तर भैरव, ललत आणि तोडी अर्धवट राहिले आहेत. भूपालीचे पाच सूर साखळीत बसवले तरी रागाची ओळख पुरती पुसत नाही. ललतचे दोन मध्यम एकापाठोपाठ घरांत भरले की उरतो तो केवळ चमत्कारिक आवाज. पण या अर्धवटपणातच तबकडीचे खरे नाट्य आहे, असे मी म्हणेन. वर ज्युपिटर बोलत असतो आणि खाली ३०३ त्याच बोलण्याचे व्याकरण घोकत असते. दोघांचे पटत नाही हे सिंग लपवत नाहीत. नाचायला लावणारे यंत्र आणि राग यांच्यातला करार किती ताणता येतो हे त्यांनी दहा वेळा तपासून पाहिले आहे. हे काम अ‍ॅसिड हाउसच्या शोधापेक्षा अवघड आहे.

मी हे तंजावरात बसून लिहिते आहे, आणि या गावामुळेच मला सिंग यांच्या तबकडीसाठी शिकागोपेक्षा वेगळी वंशावळ दिसते. परके यंत्र आणि आपले सूर यांचा हिशेब इथे दोनशे वर्षांपूर्वी मांडला गेला. दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन ही वाद्ये कर्नाटक संगीतात आणि नृत्याच्या साथीत रुळली, त्यात या दरबाराचा मोठा हात आहे. याच सरफोजींच्या नावावर ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ हा मराठी नृत्यरचनांचा संग्रह आहे: मराठी शब्द, कर्नाटक राग, तमिळ नर्तकी. दरबारातले चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ मुत्तुस्वामी दीक्षितांचे शिष्य, आणि त्यांतले वडिवेलु व्हायोलिनवादक म्हणून प्रसिद्ध. स्वतः दीक्षितांनी युरोपीय बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवून सुमारे चाळीस छोट्या रचना केल्या. त्यांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. नोट्टु म्हणजे इंग्रजी ‘नोट’. त्यांतली ‘संततं पाहि मां’ ही इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे.

नोट्टुस्वरांकडे विद्वान बरेचदा गंमत म्हणून पाहतात, आणि मुलांना शिकवायला सोप्या म्हणून त्या वापरल्या जातात. अनुवादाच्या दृष्टीने त्या फार सावध रचना आहेत. शंकराभरणाचे सूर पाश्चात्त्य मेजर सप्तकाशी जुळतात, म्हणून दीक्षितांनी तोच निवडला, आणि गमक जवळजवळ काढून टाकले. बँडचा सूर सरळ उभा राहतो हे त्यांनी ऐकले होते. त्या सरळ सुराला त्यांनी गमकाचे उसने दागिने घातले नाहीत, आणि या रचना म्हणजेच शंकराभरण असा दावाही केला नाही. त्याच रागातल्या त्यांच्या भारदस्त कृती वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच राहिल्या. काय उतरते आणि काय उतरत नाही याची अशी स्वच्छ जाणीव यंत्रावर राग वाजवणाऱ्यांत पुढे क्वचित दिसते.

पुढच्या शतकात वाद सुरांच्या जागांवर येऊन ठेपला, आणि त्यात तंजावर व सांगली समोरासमोर आले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी बावीस श्रुतींची गणिती मांडणी करून १९१० मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचे सहकारी ई. क्लेमंट्स हे ब्रिटिश न्यायाधीश. दोघांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली: नेहमीच्या बारा सुरांऐवजी बावीस श्रुती देणारी पेटी. इकडे तंजावरात अब्राहम पंडितर नावाचे तमिळ ख्रिस्ती सिद्धवैद्य १९१२ पासून स्वतःच्या खर्चाने संगीत परिषदा भरवत होते. त्यांचे म्हणणे असे की श्रुती बावीस नसून चोवीस आहेत, आणि त्या एकसारख्या अंतरावर आहेत. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे देवल-क्लेमंट्स पक्षही होता आणि पंडितरही आपल्या मुलींना घेऊन गेले होते. मुलींनी प्रात्यक्षिक करून वडिलांचा सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षी पंडितरांचा ‘करुणामृत सागरम्’ हा प्रचंड तमिळ ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हा वाद मिटला नाही. आजही डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची हार्मोनियम देवलांचाच प्रश्न पुढे नेते. मधल्या काळात आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षे हार्मोनियमवरच बंदी घातली होती. तेव्हाही एक मोठा आक्षेप तोच होता, की पेटीत आपले सूर नाहीत. बाजू कोणतीही घ्या, सगळे जण एक गोष्ट गृहीत धरून चालले होते: सुरांच्या जागा नेमक्या सापडल्या की राग सापडला.

मॉड्युलर सिंथेसायझर या वादात उशिरा आला, आणि जागांचा प्रश्न त्याने चुटकीसरशी सोडवला. या यंत्राला ठरलेले शरीर नसते. आवाज निर्माण करणारा एक कप्पा, तो गाळणारा दुसरा, त्याची चढउतार ठरवणारा तिसरा, असे सुटे कप्पे वादक आपल्या मर्जीने वायरींनी जोडतो. कप्पे एकमेकांशी विजेच्या दाबातून बोलतात. रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीत एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. मग पंडितरांची प्रत्येक श्रुती होते ४१.६७ मिलिव्होल्टची, चोवीसही अगदी सारख्या. देवलांच्या मांडणीत दोन श्रुतींमधले सर्वांत लहान अंतर भरते साधारण १८ मिलिव्होल्ट. दोन्ही सिद्धांत एकाच डब्यात शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि बडोद्याचे भांडण एका खुंटीच्या फिरकीत उलटसुलट करता येते.

आजचे शौकीन तेच करतात. जर्मनीच्या डीटर डोएपफर यांनी १९९५ च्या सुमारास युरोरॅक ही लहान कप्प्यांची पद्धत आणली, तेव्हापासून मॉड्युलर वाद्य घरातल्या टेबलावर मावू लागले. त्यात ‘क्वांटायझर’ नावाची सोय असते: भटकणारा दाब पकडून तो जवळच्या मान्य सुरावर नेऊन बसवणारी. फ्रान्सच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘ब्रेड्स’ या गाजलेल्या कप्प्यात अशा सप्तकांच्या यादीत भैरव, मारवा, यमन, दरबारी ही नावे आहेत. ती पाहून आनंद होतो, आणि लगेच अडायला होते. भूप आणि देसकार यांचे सूर तेच पाच. क्वांटायझरला त्यांतला फरक कळणार कसा? दरबारी आणि जौनपुरी यांची स्वरावली एकच. दरबारीचा गंधार श्रुतीपर्यंत अचूक भरला, तरी तो गंधार ज्या संथपणे झुलतो त्याची नोंद यादीत कुठेच नाही. कर्नाटकातल्या तोडीचा गंधार तर बहुतेक वेळ ऋषभ आणि मध्यम यांच्यामध्ये हेलकावत असतो. त्याची ‘जागा’ सांगा म्हटले तर तो हेलकावाच दाखवावा लागेल. शब्दकोशातल्या नोंदी म्हणजे भाषा नव्हे हे अनुवादकाला रोज कळते. रागाच्या नावाने स्वरांची यादी देणारे यंत्र कोश देते आणि त्याला भाषा म्हणते.

यातली मौज अशी की मॉड्युलर यंत्राचा मूळ स्वभाव याच्या उलट आहे. विजेचा दाब मुळात अखंड असतो. पायऱ्या आपण त्याच्यावर लादतो. डॉन बुकला यांनी त्याच दशकात कॅलिफोर्नियात आपले यंत्र बनवले तेव्हा पियानोची पट्टी मुद्दाम टाळली आणि स्पर्शाच्या पट्ट्या बसवल्या. मूग यांच्याकडेही बोट सरकवून सूर हवा तसा नेता येईल अशी फीत होती. सूर सावकाश सरकवणारा कप्पा वापरला तर ३०३ सारखे ठरलेल्या वेळेचे बंधन राहत नाही. दर वेळी घसरण किती रेंगाळावी हेही हाताने ठरवता येते. म्हणजे हे यंत्र हार्मोनियमपेक्षा वीणेच्या जवळचे आहे. त्याला हार्मोनियम बनवतो तो आपला जागा मोजण्याचा जुना नाद.

भारतातले पहिल्या पिढीचे मूग या दृष्टीने ऐकायला हवे. १९६९ च्या शरदात अमेरिकी वादक-रचनाकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केले. पॉल पुरगस यांनी संस्थेच्या संग्रहातून त्या फिती बाहेर काढल्या आणि ‘द एनआयडी टेप्स’ हा संच २०२३ मध्ये आला. पुरगस यांचे हे काम मोठे आहे. संचाचे स्वागत मात्र पुन्हा ‘काळाच्या पुढे’ याच शब्दांत झाले, आणि शर्मांच्या नृत्यसंगीतात टेक्नोची चाहूल शोधण्यात बरीच शाई खर्ची पडली. मला त्यातले माथुर यांच्या एका तुकड्याचे शीर्षक अधिक बोलके वाटते: ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’, मी एकदा तंबोरा वाजवला होता. हे भूतकाळी क्रियापद यंत्रासमोर बसलेल्या माणसाचे आहे. तो नव्या वाद्याला जुन्या वाद्याची आठवण सांगतो आहे. भविष्याची चाहूल ऐकायला बसलेल्याला हे वाक्य ऐकू येणार नाही. गीता साराभाईंनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवले होते, हे लक्षात घेतले तर कोण कोणाच्या पुढे होते हा प्रश्नच फिजूल ठरतो.

तंबोऱ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. भारतात सर्वांत जास्त घरांत पोहोचलेला सिंथेसायझर ज्याला कोणी त्या नावाने हाक मारत नाही, तो म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोरा. बंगळूरचे जी. राज नारायण हे बासरीवादक आणि अभियंते. त्यांच्या राडेल कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तो घरोघरी नेला. इथून जवळ तिरुवय्यारूला त्यागराजांची आराधना होते. त्या परिसरातल्या शिकवण्यांत सकाळी आधी ही पेटी सुरू होते आणि मग मुले सरळी म्हणू लागतात. तिच्याबद्दल वाद का झाला नाही? तिने रागाच्या वाटेवर हक्क सांगितला नाही म्हणून. तिने फक्त षड्ज-पंचमाची जमीन दिली आणि चालण्याचे काम माणसाकडे ठेवले. नोट्टुस्वरांतली सावध जाणीव इथे पुन्हा भेटते.

याचे दुसरे टोक तंजावरी वीणेत आहे. फणसाच्या लाकडाची ही वीणा. २०१३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिला चोवीस पडदे असतात, आणि अचल पडद्यांच्या या रचनेचे श्रेय परंपरा सतराव्या शतकातल्या रघुनाथ नायकांच्या काळाला देते. पडदे काळ्या मेणात बसवलेले असतात. कारागीर ते कानाने लावतो, आणि वापराने व उष्म्याने मेण हलले की पुन्हा बसवावे लागतात. जुन्या मूगचे सूरही तापमानाबरोबर सरकतात; वाजवण्याआधी यंत्र तापू द्यावे लागते, मग पुन्हा लावावे लागते. व्हिंटेज यंत्रांचा शौकीन या सरकण्यावर जीव टाकतो, त्याला ते वाद्य जिवंत असल्याची खूण वाटते. वीणेचा कारागीर हे ऐकून हसेल. त्याच्या लेखी ती फक्त पुढची दुरुस्ती आहे. पण दोघांनाही ठाऊक असते की सूर एकदा लावून ठेवण्याची वस्तू नाही.

वीणेचे पडदे अचल, आणि तरी तीवर तोडी वाजते. कारण वादक पडद्यावर तार दाबून बाजूला ओढतो आणि एका पडद्यातून वरचे अनेक सूर काढतो. चोवीस जागा आहेत म्हणून वीणेवर राग येत नाही. दोन जागांमधली वाट बोटाच्या ताब्यात आहे म्हणून तो येतो. देवल आणि पंडितर यांचा वाद वाया गेला असे मी म्हणणार नाही. त्या वादाने कान तयार केले, आणि आपले संगीत मोजण्याची हिंमत आपल्या भाषांना दिली. पण यंत्रावरच्या रागाची परीक्षा करायची तर त्यात श्रुती किती आहेत हे दुय्यम आहे. वाट कोणाच्या हातात आहे, वादकाच्या की साखळीच्या, हे आधी विचारायला हवे.

या कसोटीवर चरणजीत सिंग यांची तबकडी पुन्हा लावून पाहावी. भैरवाच्या सुरुवातीच्या आलापात वाट त्यांच्या हातात आहे. ठेका लागल्यावर ती अर्धी पेटीच्या हातात जाते, आणि पुढची काही मिनिटे ते ती परत मिळवू पाहतात. तोडीत ते हरतात, असे माझे मत आहे. कलावतीत जिंकतात. कोणी याहून वेगळे ऐकेल आणि माझ्याशी वाद घालेल, तर तो वाद निदान त्यांच्या वाजवण्याबद्दलचा असेल. गेली पंधरा वर्षे त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, पण हा वाद कोणी घातला नाही. ज्या वादकाने ऋषभ यंत्राकडून झुलवून घ्यायचा प्रयत्न केला, त्याचा ऋषभ कसा झुलला एवढे तरी आपण ऐकायला हवे.